अर्कचित्राच्या खिडकीतून पुस्तकाच्या पानात : जॉर्ज क्रुकशँक

विचारणा अशी आहे की, डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'ची चित्रे काढणारा जॉर्ज क्रुकशँक मुळात व्यंगचित्रकार होता की पुस्तकांचा चित्रकार, ती कादंबरी आपल्याच कल्पनेतून निघाली असा दावा त्याने म्हातारपणी का केला, आणि आज चित्रे काढणाऱ्याने त्याचे काम पाहायचे झाल्यास कोठून सुरुवात करावी. मी बरीच वर्षे एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुई आणि ॲसिड यांनी रेघ कोरून ती छापण्याचे काम, करतो आणि शिकवतो, दिवाळी अंकांतील कथांसाठी रेखाटनेही पुष्कळ केली आहेत. त्यामुळे हे उत्तर हातात सुई धरणाऱ्याचे आहे असे समजून वाचावे. माझ्या मते पहिल्या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे. क्रुकशँक ज्या धंद्यात लहानाचा मोठा झाला, तेथे विषय चित्रकार काढत असे आणि शब्द चित्राच्या पोटात बसत. ज्या धंद्यात पुढे त्याचे नाव झाले, तेथे शब्द आधी येत आणि चित्राने त्यांच्या मागून चालायचे असे. त्याच्या हाताने ही अदलाबदल सहज पेलली, पण त्याच्या मनाला ती अखेरपर्यंत रुचली नाही.

त्याचा जन्म 27 सप्टेंबर 1792 रोजी लंडनमध्ये झाला. वडील आयझॅक क्रुकशँक मूळचे स्कॉटलंडचे. लंडनला येऊन त्यांनी अर्कचित्रांच्या धंद्यात जम बसवला होता आणि थोरला मुलगा रॉबर्टही त्याच कामाला लागला होता. घर आणि कारखाना वेगळे नव्हते. वडिलांच्या पत्र्यावर मागची भिंत भर, चित्राखालची अक्षरे कोर, अशी बारीकसारीक कामे करता करता जॉर्ज दहा-बारा वर्षांचा असतानाच पैसे मिळवू लागला. त्याला पद्धतशीर कलाशिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. 1811 मध्ये वडील वारले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. वडिलांच्या मृत्यूमागे दारूचे व्यसन होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावे लागेल.

त्या काळी लंडनमध्ये अर्कचित्र म्हणजे वर्तमानपत्रातील चौकट नव्हे. तो एक सुटा कागद असे. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढून तांबे उघडे करायचे, मग पत्र्यावर ॲसिड सोडायचे. जेथे तांबे उघडे पडले असेल तेथे ॲसिड त्याला खाते आणि खोलगट रेघ तयार होते. थर पुसून त्या रेघांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून दाबून काढायचा. कागद वाळला की त्यावर हाताने रंग भरले जात. रंगवलेल्या प्रतीला सुमारे दोन शिलिंग पडत, त्यामुळे सामान्य माणूस ती विकत घेत नसे. तो दुकानाच्या काचेसमोर उभा राहून फुकट पाहत असे. कादंबरीकार थॅकरेने 1840 मध्ये क्रुकशँकवर लिहिलेल्या दीर्घ लेखात या खिडक्यांपुढची गर्दी आठवली आहे. क्रुकशँकची पहिली शाळा ती हीच. रस्त्यावर थांबलेल्या माणसाला दोन क्षणांत कळले पाहिजे, आणि कळल्यावरही तो पाच मिनिटे हलता कामा नये, अशा दोन्ही मागण्या पुरवणारे चित्र तो तेथे काढायला शिकला. एका ढोबळ हावभावात सगळा मुद्दा मांडायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात लहान लहान तपशील पेरून ठेवायचे, ही त्याची सवय शेवटपर्यंत टिकली.

त्या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस जेम्स गिलरे होता. 1810 च्या सुमारास त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि 1815 मध्ये तो वारला. गिलरेची चित्रे विकणाऱ्या हॅना हंफ्रीने त्याचे काही अपुरे पत्रे पुरे करण्यासाठी तरुण क्रुकशँकच्या हाती दिले. दुसऱ्याच्या रेघेत आपली रेघ मिसळून देणे किती अवघड असते, हे ज्याने कोणाचा अर्धा राहिलेला पत्रा पुरा केला आहे त्यालाच कळेल. तेथे स्वतःचा हात विसरावा लागतो. विशी-बाविशीतल्या मुलाला हे जमले, यावरूनच त्याच्या सुईची तयारी कळते. नेपोलियनच्या शेवटच्या वर्षांतील चढउतारांवर आणि प्रिन्स रीजंटच्या, म्हणजे आजारी राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या युवराजाच्या (पुढे हाच चौथा जॉर्ज झाला), थाटमाटावर त्याने त्या काळात चिकार चित्रे काढली.

त्याच्या राजकीय कामाची खरी धार मात्र प्रकाशक विल्यम होन याच्याबरोबर दिसते. धार्मिक मजकुराच्या विडंबनातून सरकारवर टीका केल्याबद्दल होनवर डिसेंबर 1817 मध्ये लागोपाठ तीन दिवस तीन खटले चालले आणि तिन्हींत ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. या जोडीच्या एका कामापाशी थोडे थांबले पाहिजे. 1797 पासून बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोने देणे बंद केले होते आणि एक-दोन पौंडांच्या साध्या छपाईच्या नोटा गोरगरिबांच्या हाती आल्या होत्या. त्यांची नक्कल करणे सोपे होते, आणि बनावट नोट चालवण्याची शिक्षा फाशी होती. सोने बंद असण्याच्या त्या काळात बनावट नोटांपायी तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली. क्रुकशँकने पुढे सांगितले की, एके सकाळी न्यूगेट तुरुंगावरून जाताना त्याने फासावर लटकणारी माणसे पाहिली, त्यांत बायाही होत्या, आणि चौकशी केली तेव्हा त्यांचा गुन्हा एक पौंडाच्या खोट्या नोटेचा आहे असे कळले. घरी जाऊन त्याने एक नोट रेखाटली आणि होनने ती जानेवारी 1819 मध्ये छापली.

ही नोट जवळून पाहावी. आकार आणि मांडणी खऱ्या नोटेची आहे. परंतु पौंडाची खूण फाशीच्या दोराच्या वळणातून तयार झाली आहे, ब्रिटनचे प्रतीक असलेली, एरवी ढाल-भाला घेऊन बसणारी ब्रिटानिया येथे मूल खाते आहे, मधोमध फाशीच्या तुळईला माणसांची ओळ लटकली आहे आणि सही आहे जॅक केच याची, म्हणजे लंडनच्या बोलीत फाशी देणाऱ्याचे जे सर्वसाधारण नाव झाले होते त्याची. येथे कोणाचेही नाक लांब केलेले नाही, कोणाचे पोट फुगवलेले नाही. ज्या कागदापायी माणसे मरत होती, तो कागदच त्याने अर्कचित्र म्हणून वापरला. होनच्या दुकानासमोर इतकी गर्दी झाली की रस्ता अडला. या एका चित्राने ती फाशी थांबवली, असे क्रुकशँक आयुष्यभर सांगत राहिला. ते पूर्णपणे खरे नाही. कायदा बदलायला आणखी बरीच वर्षे आणि पुष्कळ लोकांचे प्रयत्न लागले. पण स्वतःच्या चित्राविषयीची ही श्रद्धा ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिनेच त्याला अडचणीत आणले.

त्याच वर्षी 16 ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले गेले. इंग्लंडच्या इतिहासात तो प्रसंग पीटरलू या नावाने ओळखला जातो. त्यानंतर डिसेंबरमध्ये होन आणि क्रुकशँक यांनी 'द पोलिटिकल हाऊस दॅट जॅक बिल्ट' ही एक शिलिंगाची पुस्तिका काढली. मुलांच्या साखळी-गाण्याचा साचा, आणि प्रत्येक कडव्यावर एक चित्र. चित्रे तांब्यावर न काढता लाकडी ठोकळ्यांवर कोरून घेतली होती, आणि धंद्याच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता. खोलगट रेघेचा तांब्याचा पत्रा वेगळ्या प्रेसवर, वेगळ्या दाबाखाली छापावा लागतो. लाकडी ठोकळ्याचा उंचवटा अक्षरांच्या खिळ्यांच्या बरोबरीने एकाच फर्म्यात बसतो आणि मजकुरासकट छापला जातो. त्यामुळे चित्र स्वस्त झाले आणि काचेमागून निघून लोकांच्या खिशात गेले. या पुस्तिकेच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. क्रुकशँकचा पुस्तकाशी खरा संबंध जुळला तो येथे, परीकथांच्या आधी, एका राजकीय चोपड्यातून.

राजघराण्यालाही ही चित्रे झोंबत होती. 19 जून 1820 रोजी, म्हणजे चौथा जॉर्ज गादीवर आल्याला सहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, राजाला कोणत्याही अनैतिक प्रसंगात न दाखवण्याच्या हमीबद्दल क्रुकशँकला 100 पौंड दिले गेले. त्याची पावती राहिली आहे. तरीही त्याच उन्हाळ्यात, राजा आपल्या कॅरोलाइन राणीशी काडीमोड घेऊ पाहत होता त्या प्रकरणी, त्याची फजिती करणाऱ्या होनच्या पुस्तिकेतली चित्रे त्याचीच होती. याला कोणी लबाडी म्हणेल. मला वाटते, रोजच्या कामावर घर चालवणाऱ्या माणसाने आलेले पैसे घेतले आणि आलेले कामही घेतले. त्याची राजकीय मते गिलरेइतकीच डळमळीत होती.

1820 नंतर सुट्या अर्कचित्राचा बाजार ओसरू लागला. 1821 मध्ये पियर्स ईगनच्या 'लाइफ इन लंडन'साठी दोघा भावांनी मिळून चित्रे केली आणि टॉम व जेरी या जोडीने लंडनला वेड लावले. पण क्रुकशँक पुस्तकांचा चित्रकार म्हणून सिद्ध झाला तो 1823 मध्ये, ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या एडगर टेलरकृत इंग्रजी भाषांतरामुळे. दुसरा भाग 1826 मध्ये आला. या पुस्तकाचे यश पाहून खुद्द ग्रिम बंधूंनी जर्मनीत 1825 मध्ये निवडक कथांची छोटी सचित्र आवृत्ती काढली. कलासमीक्षक जॉन रस्किनने या एचिंगची तुलना रेम्ब्रांटशी केली होती. रस्किनचे कौतुक पुष्कळदा अवास्तव असते, येथे मात्र मी त्याच्या बाजूने आहे.

का, ते सांगतो. रात्री गुपचूप येऊन जोडे शिवून जाणाऱ्या दोन बुटक्यांची गोष्ट आपल्याकडेही मुलांना माहीत आहे. चित्र जेमतेम तळहाताएवढे आहे. कारागिराने आणि त्याच्या बायकोने ठेवलेले इवलेसे कपडे पाहून बुटक्यांना झालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यांवर नाहीच. चेहरे टाचणीच्या डोक्याएवढे आहेत. आनंद आहे तो गुडघ्याच्या वाकण्यात, कोपराच्या कोनात, अंगावर कपडा ओढताना पाठीला पडलेल्या बाकात. आडोशाला लपून पाहणारी दोन माणसे मागे आहेत, त्यांची रेघ अधिक दाट आणि थबकलेली आहे. बुटक्यांभोवती मात्र कागद उघडा सोडला आहे, म्हणून ते हलताहेत असे वाटते. हे साधायला सुई जवळपास लेखणीसारखी चालवावी लागते. एचिंगमध्ये रेघ खोल कोरण्यासाठी मनगटाचा जोर लागत नाही, ते काम ॲसिड करते. सुईने फक्त मेण बाजूला सारायचे असते. या मोकळेपणाचा फायदा क्रुकशँकइतका घेणारे इंग्लंडमध्ये त्याच्या आधी फार नव्हते. त्याची रेघ थरथरते, मधेच तुटते, पुन्हा उचलते, आणि तरीही आकृती सुटत नाही. शिवाय हे सगळे उलटे काढायचे असते, कारण छापताना डावे उजवे होते. बहुतेक चित्रकार आधी पेन्सिलीने कागदावर काढून, तो कागद ओला करून मेण लावलेल्या पत्र्यावर दाबत आणि रेघा उतरवून घेत. उतरवलेल्या रेघेवरून सुई फिरवताना हात भित्रा होतो, हा प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव आहे. क्रुकशँकचा झाला नाही.

1829 मधले 'लंडन गोइंग आऊट ऑफ टाऊन' हे सुटे एचिंग मी दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवतो. उत्तर लंडनमध्ये तो राहत असे तेथील शेते त्याच्या डोळ्यांदेखत घरांखाली जात होती. चित्रात विटांच्या भट्टीतून तोफेसारख्या विटा उडताहेत. कुदळी, फावडी आणि विटा वाहण्याच्या घमेल्यांपासून बनलेले शिपाई ओळीने चाल करून येताहेत. गवताच्या गंजी जीव घेऊन पळताहेत आणि झाडे घायाळ झाली आहेत. निर्जीव वस्तूला चेहरा देण्याची हातोटी अर्कचित्रातून आलेली आहे, पण येथे ती कोणा एका माणसाच्या टवाळीसाठी वापरलेली नाही. शहर वाढते तेव्हा ते शेतावर चालून येते, ही गोष्ट त्याने नुसत्या अवजारांच्या चालीतून सांगितली. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे चित्र कधीही समजावून सांगावे लागले नाही.

आता डिकन्स. 1836 मध्ये 'स्केचेस बाय बॉझ' प्रसिद्ध झाले तेव्हा लेखक चोविशीच्या आसपासचा आणि जवळजवळ अनोळखी होता. चित्रकार चव्वेचाळिशीकडे झुकलेला आणि देशभर ठाऊक होता. पुस्तक खपावे म्हणून प्रकाशकाला नाव हवे होते ते क्रुकशँकचे. ही पायरी विसरली की पुढचा वाद समजत नाही. 'ऑलिव्हर ट्विस्ट' फेब्रुवारी 1837 पासून एप्रिल 1839 पर्यंत 'बेंटलीज मिसलेनी' या मासिकात क्रमशः आली आणि तिच्यासाठी क्रुकशँकने 24 एचिंग केली. तोवर मोठ्या खपाच्या छपाईसाठी तांब्याऐवजी पोलादी पत्रा रूढ झाला होता. तांब्याच्या बारीक रेघा काही शे प्रतींनंतर झिजू लागतात. पोलाद हजारोंनी ठसे देते, पण ते कठीण असते आणि त्यावरची रेघ थोडी करडी, काचेसारखी येते. त्या काळच्या मासिकांतील चित्रे जरा थंड वाटतात, त्याचे एक कारण हे आहे.

ऑलिव्हर वाडगा पुढे करून आणखी मागतो ते चित्र बहुतेकांनी पाहिले आहे. त्यात मुलाची मान आणि पळी धरलेल्या जाड माणसाचे डोळे यांच्यामधली मोकळी जागा पाहावी. सगळी गोष्ट त्या दीड-दोन सेंटिमीटरच्या रिकाम्या कागदात आहे. मागची मुले भुकेने वाडगे आणि चमचे तोंडाशी धरून बसली आहेत; त्यांच्यातले प्रत्येक डोके वेगळे आहे, दोन मुले एकसारखी काढून त्याने कोठेही वेळ मारून नेलेली नाही.

फाशीच्या कोठडीतला फॅगिन, म्हणजे कादंबरीत पोरांना चोरी शिकवणारा ज्यू म्हातारा, हे त्याचे सर्वांत गाजलेले चित्र. दगडी बाकावर म्हातारा बसला आहे, गुडघे जवळ ओढलेले, बोटे दातांत, डोळे कोठेच न पाहणारे. वरच्या अंगाला गजांची लहान खिडकी. असे सांगतात की बरेच दिवस ही बैठक त्याला सापडत नव्हती. एके दिवशी निराश होऊन तो हात तोंडाशी नेऊन बिछान्यात बसला असताना समोरच्या आरशात त्याला फॅगिन दिसला. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, चित्रकाराला ती पटते. मी हे चित्र जस्ताच्या पत्र्यावर विद्यार्थ्यांकडून करवून घेतले आहे आणि प्रत्येक वेळी एकच अडचण येते: कोठडीचा अंधार. आडव्या-उभ्या रेघांची जाळी दाट केली की ॲसिड सगळे एकत्र खाऊन टाकते आणि मोठा काळा डाग पडतो. क्रुकशँकने पत्रा टप्प्याटप्प्याने ॲसिडमध्ये घातला आहे. जेवढा भाग फिका हवा तेवढा वॉर्निशने झाकायचा, उरलेला पुन्हा खाऊ द्यायचा, पुन्हा झाकायचे. त्यामुळे भिंतीचा अंधार वेगळा, बाकाखालचा वेगळा आणि फॅगिनच्या कुशीतला वेगळा. अंधाराचे हे पदर मोजायला लागलो की म्हातारा किती एकटा आहे ते कळते.

याच चित्राबद्दल दुसरी गोष्टही बोलली पाहिजे. फॅगिनचे नाक, दाढी, ओठ हा ज्यूंविषयीच्या शेकडो वर्षांच्या द्वेषाचा तयार साचा आहे, आणि तो अर्कचित्रांच्या दुकानातूनच पुस्तकात आला. मॅक्सवेलच्या 1798 च्या आयरिश बंडावरील इतिहासासाठी 1845 मध्ये त्याने जी चित्रे केली, त्यांत आयरिश बंडखोर माकडतोंडे दाखवले आहेत. चेहऱ्याचा अर्क काढण्याची कला एका माणसाला ओळखण्यासाठी वापरली तर ती टीका होते, आणि अख्ख्या समाजाला एकच चेहरा दिला तर तो अन्याय होतो. क्रुकशँकच्या हातून हा अन्याय अनेकदा झाला आहे, आणि त्याच्या रेघेवर प्रेम करणाऱ्यांनी तो झाकू नये.

कादंबरी 1838 च्या नोव्हेंबरमध्ये तीन खंडांत पुस्तकरूपाने आली तेव्हा शेवटची काही चित्रे घाईत झाली होती. ऑलिव्हर, रोझ आणि इतर शेकोटीभोवती बसल्याचे अखेरचे चित्र डिकन्सने पुस्तक बाहेर पडण्याच्या सुमारास पाहिले आणि त्याला ते अजिबात आवडले नाही. त्याने क्रुकशँकला ते बदलायला सांगितले. नव्या चित्रात रोझ आणि ऑलिव्हर चर्चमधल्या स्मृतिशिलेसमोर उभे आहेत. दोन्ही पाहिल्यास लेखकाचे बरोबर होते हे मान्य करावे लागते. सुखी, सुंदर, निरागस माणसे क्रुकशँकला कधीच नीट जमली नाहीत. पण ज्याने गिलरेचे पत्रे पुरे केले, ज्याच्या चित्रांच्या धास्तीने राजाच्या बाजूने पैसे मोजले गेले, त्याला विशीतल्या लेखकाने चित्र परत करायला सांगणे काय असेल, हे मला समजते. माझे एक कथाचित्र लेखकाच्या सांगण्यावरून संपादकाने परत पाठवले होते, त्याला आता वीस वर्षे झाली. दुसरे चित्र अधिक चांगले झाले, तरीही पहिले मी अजून जपून ठेवले आहे.

डिकन्स 9 जून 1870 रोजी वारला. पुढच्या वर्षी जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड आला. क्रुकशँककडे कादंबरीच्या कल्पनेचे श्रेय जाते, ही परदेशात छापली गेलेली गोष्ट फॉर्स्टरने त्यात खोडून काढली होती. क्रुकशँकने 30 डिसेंबर 1871 च्या 'द टाइम्स'मध्ये पत्र छापून कल्पना आणि मुख्य पात्रे आपली असल्याचे जाहीर केले, आणि 1872 मध्ये 'द आर्टिस्ट अँड द ऑथर' या पुस्तिकेत तेच विस्ताराने मांडले. त्याच्याबरोबर 'द टॉवर ऑफ लंडन' वगैरे कादंबऱ्या करणाऱ्या हॅरिसन एन्सवर्थच्या काही कृतींवरही हक्क सांगितला. एन्सवर्थने ठाम नकार दिला.

माझे मत विचारले तर दावा जसाच्या तसा खरा नाही. डिकन्सचे गद्य आणि कथानकाची गुंफण कोणत्याही चित्रांच्या मालिकेतून निघणारी नाही. परंतु तो खोटारडेपणा म्हणून बाजूला टाकणेही चूक आहे. लंडनचे चोर, गुत्ते, निराधार गरिबांना ठेवून काम करवून घेणारी वर्कहाऊस, न्यूगेटची भिंत, हे जग क्रुकशँकने डिकन्सच्या जन्मापासून चितारलेले होते. एका चोराच्या आयुष्यावर चित्रमालिका करण्याचा त्याचा मनोदय होता आणि त्या विषयावर दोघांत बोलणे झाले असणार. तरुण लेखकाने चित्रकाराच्या डोळ्यांनी शहर पाहिले, हे निश्चित. अर्कचित्राच्या धंद्यात विषय सुचवणारा तोच कर्ता असे; क्रुकशँक त्या जुन्या हिशेबाने हक्क मागत होता, आणि जग मजकूर लिहिणाऱ्यालाच कर्ता मानू लागले होते.

मधल्या काळात त्याने ज्या कामावर जीव ओतला ते दारूविरुद्धचे होते. 1847 मध्ये 'द बॉटल' ही आठ मोठ्या चित्रांची मालिका एक शिलिंगाला निघाली. ती विजेच्या साहाय्याने उंचवट्याचा ठसा बनवण्याच्या त्या वेळच्या नव्या पद्धतीने छापली होती, म्हणून स्वस्त पडली आणि प्रचंड खपली. लगोलग नाटकेही झाली. पहिल्या चित्रात जेवण झालेले सुखवस्तू कामगाराचे घर आहे आणि नवरा बायकोला थोडी घेण्याचा आग्रह करतो आहे. पुढच्या चित्रांत तीच खोली रिकामी होत जाते: सामान जप्तीत जाते, फडताळावरच्या शोभेच्या वस्तू नाहीशा होतात, मांजरही खंगते. शेवटी बाटलीनेच बायकोचा खून होतो आणि नवरा वेड्यांच्या इस्पितळात जातो. येथे रेघ जाड आणि बोथट आहे, ग्रिमच्या पुस्तकातली थरथर तिच्यात नाही; मात्र एकाच खोलीतून गोष्ट सांगण्याची कल्पना मला आजही पक्की वाटते. दारू हे कारण आहे की गलिच्छ वस्ती, उपासमार आणि निराशा यांचा परिणाम आहे, असा प्रश्न डिकन्सने पुढच्या वर्षी जाहीरपणे विचारला, आणि तो योग्यच होता. स्वतः क्रुकशँक तोवर चांगला पिणारा होता. मालिका घेऊन तो दारूबंदीच्या चळवळीतल्या एका पुढाऱ्याकडे गेला, तेव्हा त्याने उलट त्यालाच विचारले की असे चित्र काढणारा स्वतः कसा पितो. वडिलांचा शेवट पाहिलेल्या त्या माणसाने पिणे सोडले आणि मरेपर्यंत पुन्हा घेतली नाही.

त्यानंतर त्याच्या चित्रात उपदेश शिरला. 1853 पासून त्याने परीकथा स्वतः पुन्हा लिहून काढल्या. त्याच्या सिंड्रेलाच्या लग्नात दारूची कारंजी सोडण्याचा बेत रद्द होतो आणि राज्यातली दारू गोळा करून तिची होळी केली जाते. डिकन्सने 1853 मध्येच 'फ्रॉड्स ऑन द फेअरीज' या लेखात अशा पुनर्लेखनावर कडक टीका केली आणि मैत्री संपली. येथेही मला तीच गाठ दिसते. लेखकाच्या मागून चालणे नको म्हणून तो स्वतः लेखक झाला, पण त्याची लेखणी त्याच्या सुईच्या जवळपासही नव्हती. त्याच पुस्तकांतली एचिंग मात्र अजून उत्तम आहेत. 1860 ते 1862 या काळात त्याने 'द वर्शिप ऑफ बॅकस' हे सुमारे चार मीटर रुंदीचे तैलचित्र केले. बारशापासून मर्तिकापर्यंत दारू कशी हजर असते हे त्यात शेकडो आकृत्यांनी दाखवले आहे. ते आता लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. तळहाताएवढ्या जागेत जो राजा होता, तो एवढ्या कॅनव्हासवर हरवला. 1 फेब्रुवारी 1878 रोजी, पंचाऐंशी वर्षांचा होऊन तो वारला आणि त्याच वर्षअखेरीस त्याचे अवशेष सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या तळघरात हलवण्यात आले.

पाहायला सुरुवात ग्रिमच्या परीकथांपासून करावी, मग बँकेची नोट, मग 'लंडन गोइंग आऊट ऑफ टाऊन', आणि नंतर 'ऑलिव्हर ट्विस्ट'. ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या दोन्हींच्या संकेतस्थळांवर त्याची असंख्य चित्रे मोठ्या आकारात आहेत. त्यात एक धोका आहे. पडद्यावर चित्र भिंतीएवढे करता येते आणि रेघा खडबडीत, विस्कळीत दिसू लागतात. म्हणून म्युझियमने दिलेल्या मापाप्रमाणे ते खऱ्या आकारात कागदावर छापून, हातात धरून पाहावे. दुसरे असे की, पोलादी पत्रेसुद्धा पुढे झिजले, काही पुन्हा कोरले गेले, आणि उशिराच्या आवृत्त्यांत फॅगिनची कोठडी नुसती करडी दिसते. एकच चित्र दोन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतींतून शेजारी ठेवून पाहिल्यास, आधीच्या प्रतीत बाकाखाली अंधाराचे जे तीन-चार पदर दिसतात ते नंतरच्या प्रतीत एकच होऊन गेलेले आढळतील. नक्कल करायची असल्यास आधीची प्रत समोर ठेवावी, आणि पहिल्याच दिवशी फॅगिनला हात न घालता दोन बुटक्यांपैकी एकाचा गुडघा पाच-सहा वेळा काढून पाहावा.